सकाळची साखर आणि सीलबंद स्वयंपाकघर

रक्तातील सकाळची साखर हा एक आकडा आहे, तो चारित्र्याचा दाखला नव्हे, हे मी माझ्या पत्नीला शक्य तितक्या पद्धतींनी समजावून पाहिले. आलेख काढून समजावले, शांतपणे समजावले आणि एकदा आवाज चढवूनही समजावले. परंतु आवाज चढवला की साखर चढते असे तिने कुठेसे वाचलेले असल्यामुळे तो प्रयत्न माझ्याच अंगाशी आला. तिचे म्हणणे सरळ होते. रात्री मी तिच्या डोळ्यांदेखत मोजके जेवतो, गोळी घेतो आणि झोपतो. सकाळी उपाशीपोटी बोट टोचावे, तर एके दिवशी ११४ आणि दुसऱ्या दिवशी १६८. ज्याअर्थी साखर वाढली, त्याअर्थी कोणीतरी काहीतरी खाल्ले. आणि घरात माणसे दोनच.

"आणि मी तर काही खाल्लेलं नाही," ती म्हणाली.

युक्तिवादाची रचना निर्दोष होती. त्यातले एक गृहीतक चुकीचे होते, पण ते कोणते हे मला सांगता येईना. प्रयोगशाळेत अशा अवस्थेला 'संशोधन चालू आहे' म्हणतात. घरात तिला 'चोरी पकडली गेली' म्हणतात.

प्रकरण एवढ्यावरच राहिले असते तर मी तो आरोप गिळून टाकला असता. आरोपाने साखर वाढत नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती. परंतु पत्नीने आणि तिच्या धाकट्या बहिणीने समुद्रकिनारी आठवडाभर राहायचे ठरवले होते. लग्न झाल्यापासून या दोघी 'एकदा आपण दोघीच जाऊ' असे म्हणत आल्या होत्या आणि प्रत्येक वेळी कोणाची तरी परीक्षा, कोणाचे तरी बाळंतपण किंवा कोणाचे तरी गुडघे आडवे आले होते. यंदा खोली ठरली होती. वाळूत चालायच्या चपलाही आल्या होत्या. आणि ऐन वेळी पत्नीने जाहीर केले, "यांची साखर अशी उड्या मारतेय तोवर मी कुठेही जात नाही. डोळ्यांसमोर असताना ही तऱ्हा, पाठ वळल्यावर काय करतील!"

त्या संध्याकाळी मेव्हणीचा फोन आला. "भावोजी, आठवडाभर तोंडावर ताबा ठेवला तर काही बिघडेल का हो? ताईनं जन्मात कधी काही मागितलं नाही."

"मी काही खात नाही," मी म्हणालो.

"हो, हो," मेव्हणी लहान मुलाशी बोलावे तशी म्हणाली, "आमचे हेही असंच म्हणतात."

म्हणजे एका खादाड म्हाताऱ्यापायी दोन बहिणींचा समुद्र हुकणार, अशी माझी कीर्ती दोन घरांत पसरली होती. ती लवकरच अधिक घरांत पसरणार होती, याची मला कल्पना नव्हती.

माझी सगळी नोकरी मापनयंत्रांची अचूकता तपासण्यात गेली. दुसऱ्यांची यंत्रे आमच्या प्रयोगशाळेत येत आणि ती खरे बोलतात की खोटे, हे आम्ही सांगत असू. तेव्हा माझा पहिला संशय स्वाभाविकपणे यंत्रावर गेला. मी एकाच बोटातून लागोपाठ दोन थेंब काढून मोजले. पहिला म्हणाला १३१, दुसरा म्हणाला १४७. पहिल्या आणि दुसऱ्या थेंबाच्या मध्ये मी काही खाल्ले नव्हते, हे पत्नीलाही मान्य करावे लागले.

"मग खरा कुठला?" तिने विचारले.

"दोन्ही. किंवा एकही नाही."

"हे असं बोलता म्हणून तुमच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही."

यंत्राच्या कंपनीने मदतीसाठी एक क्रमांक दिला होता. पलीकडे एक अत्यंत गोड आवाजाची मुलगी होती. तिच्याशी बोलण्याआधी साखर मोजायला हवी होती असे मला वाटून गेले. मी तिला दोन आकड्यांमधला फरक सांगितला. ती म्हणाली, "सर, एवढा फरक चालतो."

"कोणाला चालतो?"

"नियमात चालतो, सर. शंभरामागे पंधरापर्यंत इकडे तिकडे."

मी तिला विचारले, की तिच्या पगारात शंभरामागे पंधरा इकडे तिकडे झाले तर तिला चालेल का. ती हसली आणि म्हणाली, "सर, होतातच." यानंतर शास्त्रीय चर्चा पुढे नेणे मला प्रशस्त वाटले नाही.

मी दुसऱ्या कंपनीचे यंत्र आणले. ते पहिल्यापेक्षा सातत्याने थोडे अधिक दाखवी. दोघांत निवाडा करण्यासाठी तिसरे आणले, तर ते एक दिवस याच्या बाजूने आणि एक दिवस त्याच्या बाजूने मत देई. आता रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर तीन यंत्रे, कापसाचे बोळे आणि माझी बोटे असा पसारा मांडला जाऊ लागला. पत्नी चहाचा कप ठेवायला जागा शोधत म्हणाली, "तुमचं रक्त तपासण्यात संपलं, तर साखर राहणार कशात?"

रक्त संपले नाही. त्याआधी रक्ताचा थेंब घेणाऱ्या पट्ट्या संपल्या. या पट्ट्या निवृत्तांच्या आरोग्य योजनेतून मिळतात, आणि योजनेच्या मते माणसाला दिवसातून एकदाच साखर असते. मी योजनेच्या कचेरीतल्या खिडकीपाशी जाऊन जादा पट्ट्या मागितल्या. आतल्या लिपिकाने चष्मा कपाळावर चढवला. हा मनुष्य चष्मा वाचण्यासाठी उतरवी आणि माणसांकडे पाहण्यासाठी कपाळावर चढवी; मग तो त्याला लागतो कशासाठी, हे मला अखेरपर्यंत कळले नाही.

"दिवसाला एक पट्टी," तो म्हणाला.

"मला एका वेळी तीन लागतात. मी यंत्रांची तुलना करतो आहे."

"यंत्रं आजारी आहेत का?"

"नाही."

"मग पट्ट्या यंत्रांना कशाला? पट्ट्या रुग्णाला असतात."

मी त्याला मापनातील अनिश्चितता समजावून सांगितली. त्याने ती मन लावून ऐकली, रांगेतल्या तिघांनीही ऐकली. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणे तीनदा मोजूनसुद्धा खरी साखर कळत नाही."

"अगदी बरोबर," मी म्हणालो. इतके नेमके आकलन मला सहकाऱ्यांतही क्वचितच आढळले होते.

"मग एकदाच मोजा. न कळायला एक पट्टी पुष्कळ आहे." आणि त्याने पुढच्याला बोलावले.

मी हात हलवत घरी परतून जिना चढत असताना वरच्या मजल्यावरचे उपायवाले भेटले. हे नाव त्यांना सगळ्या इमारतीने मिळून दिलेले आहे. त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर उपाय असतो आणि उपाय सांगताना ते समोरच्याच्या शर्टाची वरची गुंडी धरून ठेवतात, त्यामुळे उपाय पूर्ण ऐकावाच लागतो.

"पट्ट्या नाहीत दिल्या ना? बरं झालं," ते म्हणाले. "साहेब, साखर मोजली की वाढते. मी आजवर एकदाही मोजली नाही. बघा माझ्याकडे."

मी पाहिले. ते तब्येतीने उत्तम दिसत होते. शास्त्राच्या दृष्टीने 'दिसणे' हा पुरावा नव्हे, पण माझी गुंडी त्यांच्या हातात होती.

"सकाळी उठल्याबरोबर कडू बिया चघळायच्या. मग गार पाण्यात पाय. मग डाव्या कुशीवर. आणि गोड सोडायचं नाही, गोडाला घाबरायचं नाही. घाबरलं की ते अंगावर येतं."

माझ्या गुंडीने तिथेच प्राण सोडला. ती जिन्यातून घरंगळत खाली गेली आणि तिच्यामागोमाग माझी थोडीफार प्रतिष्ठाही.

आता एकच मार्ग उरला होता. यंत्र निर्दोष ठरले नव्हते आणि दोषीही ठरले नव्हते. तेव्हा प्रथम आरोपीला निर्दोष ठरवणे भाग होते. प्रयोगशाळेत तपासून झालेल्या यंत्रात कोणी हात घालू नये म्हणून आम्ही त्याला तारेचे सील लावत असू: पातळ तार ओवायची, तिच्या टोकांवर शिशाचा मणी बसवायचा आणि चिमट्याने दाबायचा. एकदा दाबला की तार तोडल्याशिवाय ते उघडत नाही. मी बाजारात जाऊन तार, मणी आणि चिमटा आणला. दुकानदाराने विचारले, "कुठल्या मीटरला?"

"स्वयंपाकघराला," मी म्हणालो. त्याने पुढे काही विचारले नाही. सुटे पैसे मात्र लगबगीने दिले.

त्या संध्याकाळी जेवणे आणि आवराआवर झाल्यावर मी पत्नीच्या साक्षीने फ्रीज, खाऊचे कपाट आणि शेवटी स्वयंपाकघराचे दार, सगळ्यांना सील ठोकले. प्रत्येक मण्यावर तिने स्वतःच्या हाताने खूण केली. आरोपीला एवढी न्याय्य वागणूक देणारी यंत्रणा जगात दुसरी नसेल.

"पाणी?" तिने विचारले.

"बाहेर काढून ठेवलं आहे."

"आणि सकाळचा चहा?"

"आधी साखर, मग सीलची तपासणी, मग चहा."

सकाळी साखर आली १७१. मी भिंग घेऊन मणी तपासू लागलो. एकही खूण हललेली नव्हती. मी विजयाने मागे वळून पाहिले, तर पत्नी रिकामे भांडे हातात घेऊन उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर विजयात सहभागी होण्याचे कोणतेही चिन्ह नव्हते. तार तोडायला कात्री हवी होती. कात्री स्वयंपाकघरात होती.

नेमक्या याच वेळी समोरच्या वहिनी वाटीभर दूध मागायला आल्या. त्यांनी दारावरचे सील पाहिले, माझ्या हातातले भिंग पाहिले, पत्नीच्या हातातले रिकामे भांडे पाहिले आणि तोंडावर पदर धरला. "अगंबाई! जप्ती आली का हो?"

"नाही, नाही," मी म्हणालो, "हे मीच लावलं आहे. माझ्यावर संशय होता म्हणून."

"कोणाचा?"

"हिचा."

वहिनींनी पत्नीचा हात हातात घेतला आणि अतिशय हळू आवाजात म्हणाल्या, "काही लागलं तर आमच्याकडे या हो. लाजू नका." दुपारपर्यंत इमारतीत तीन बातम्या होत्या: आमच्यावर जप्ती आली, आम्ही चुली वेगळ्या केल्या, आणि मी बायकोला उपाशी ठेवतो. खरी बातमी, म्हणजे सीलबंद स्वयंपाकघरातही साखर १७१ होते, ही कोणालाच सांगावीशी वाटली नाही.

पत्नीचा निष्कर्ष वेगळाच होता. "म्हणजे तुम्ही स्वयंपाकघरातलं खात नाही," ती म्हणाली, "तुम्ही दुसरीकडे लपवलंय." आणि तिने झडती घेतली. माझ्या बाहेर जायच्या कोटाच्या खिशातून गोड गोळ्यांची पुडी निघाली.

"हे काय?"

"अगं, साखर एकदम उतरली तर तोंडात टाकायला म्हणून डॉक्टरीणबाईंनीच ठेवायला सांगितल्या होत्या. तुझ्यासमोर सांगितल्या होत्या!"

"पुडी फुटलेली आहे."

ती मागच्या वेळी बँकेच्या रांगेत घाम फुटला तेव्हा फुटली होती. परंतु घाम फुटल्याचा पुरावा वाळून जातो आणि फुटलेली पुडी राहते. फोनवरून मेव्हणी म्हणाली, "भावोजी, कोटात? निदान चांगल्या गोळ्या तरी ठेवायच्या!" समुद्रावरची खोली रद्द करायची शेवटची मुदत जवळ येत होती. पत्नीने त्या नव्या चपला कागदात गुंडाळून पुन्हा खोक्यात ठेवल्या. तिने त्या ज्या निगुतीने ठेवल्या, ते पाहून मात्र मला चोरी न करताच चोरट्यासारखे वाटले.

प्रयोगात एक उणीव राहिली होती, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आले. तुलनेसाठी निरोगी माणूसच नव्हता. पत्नीने नाइलाजाने बोट पुढे केले: ९२. पण एका माणसावरून सिद्धान्त उभा राहत नाही. तेवढ्यात, स्वयंपाकघराच्या जप्तीची चौकशी करण्यासाठी, उपायवाले स्वतःच्या पायांनी चालत आले. हातात संत्रे होते आणि त्याच्या फोडी ते बोलता बोलता तोंडात टाकत होते.

"उपायवाले," मी म्हणालो, "तुम्ही कधी मोजली नाही म्हणता. आज विज्ञानासाठी मोजा."

"मोजा की! माझी बघून तुमची लाजेल."

त्यांनी दिमाखात बोट पुढे केले. यंत्राने क्षणभर विचार केला आणि ३४६ असा आकडा दाखवला.

"तुमचं मशीन बिघडलंय," उपायवाले म्हणाले. हेच वाक्य मी कंपनीच्या त्या गोड मुलीला शब्दशः म्हटले होते, त्यामुळे मला त्यांच्याविषयी एकदम जिव्हाळा वाटला.

"थांबा," मी म्हणालो. इतक्या वर्षांची सवय आपोआप बोलली. "संत्र्याचा रस लागलेला आहे तुमच्या बोटाला. मापनाची जागा स्वच्छ नसेल तर मापन व्यर्थ आहे. जा, साबणाने हात धुऊन या. नीट कोरडे करा."

ते धुऊन आले. २०८.

रस गेला तरी साखर पुष्कळ उरली होती. उपायवाले खुर्चीवर बसले. प्रथमच त्यांना कोणाची गुंडी धरावीशी वाटली नाही. आणि अशा वेळी, सांत्वनाचे दोन शब्द बोलायचे सोडून, पत्नी माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही सकाळी हात कधी धुता?"

"म्हणजे?"

"रोज सकाळी माझ्यासाठी फळं कोण कापतं?"

मी कापतो. ती फळे खाते, मी खात नाही; आजारी माणसाने आपल्या त्यागाची एवढी एक जाहिरात करावी, असे माझे मत आहे. त्यासाठी मी ती आदल्या संध्याकाळीच बाहेर टोपलीत काढून ठेवतो. सील लावले त्या संध्याकाळीही मी सुरीसकट ती बाहेरच ठेवली होती. सकाळी मी फळे कापतो, हात फडक्याला पुसतो आणि बोट टोचतो. ज्या दिवशी खरबूज, त्या दिवशी १७१. ज्या दिवशी फळे संपलेली, त्या दिवशी ११४. ज्याने जन्मभर दुसऱ्यांची यंत्रे पुसून घेतली, त्याने स्वतःचे बोट कधी धुतले नव्हते. यंत्रे तीन झाली, तपासनीस मात्र एकच होता आणि त्याला कोणीही तपासले नव्हते.

"तुमच्याकडे सुरी होती," पत्नी म्हणाली, "आणि मी अर्धा तास चहावाचून उभी!"

दुसऱ्या दिवसापासून हात साबणाने धुतले जाऊ लागले. १७१ वगैरे मंडळी नाहीशी झाली. परंतु गोष्ट इथे संपली असती तर निसर्गाला विनोदबुद्धी आहे असे म्हणता आले नसते. स्वच्छ, कोरड्या, निष्कलंक बोटातूनही एक दिवस १२२ येई आणि एक दिवस १४९. पत्नीच्या डोळ्यांत जुना संशय पुन्हा डोकावू लागला. शेवटी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सोबत उपायवालेही होते. त्यांना स्वतःला दाखवायचे होते, पण बाहेर बसलेल्या रुग्णांना ते सांगत होते की शेजाऱ्याला धीर द्यायला आलो आहे.

डॉक्टरीणबाईंनी माझे आलेख पाहिले. त्यांत तीन यंत्रांच्या तीन रंगांच्या रेषा होत्या. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "सुंदर काढलेत. आता यातलं एक यंत्र ठेवा आणि दोन कोणाला तरी देऊन टाका."

"पण हे रात्री काही खातात का, ते सांगा," पत्नी म्हणाली. तिने प्रश्न असा विचारला, की मी खोलीत नसतो तरी चालले असते.

"तसं मानायला काही कारण नाही. तीन महिन्यांची सरासरी चांगली आहे यांची. लपूनछपून खाणाऱ्याची अशी येत नाही." मग त्यांनी समजावले. पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागते. काही संप्रेरके वाढतात, आणि यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडते, म्हणजे माणसाला उठून कामाला लागता यावे. निरोगी शरीर ती लगेच आवरते. मधुमेहात ते आवरणे लंगडे पडते. त्यात कधी जेवण उशिरा होते, कधी झोप लागत नाही, कधी डोक्याला घोर असतो, कधी जेवणानंतर पाय हलत नाहीत. आकडा रोज थोडा इकडे तिकडे होणारच. "एका सकाळचा आकडा धरून बसू नका. कल बघा. तो वर सरकायला लागला, तर माझ्याकडे या."

"म्हणजे हे खात नाहीत," पत्नी सावकाश म्हणाली, "यांचं यकृत यांना वाढतं."

"अगदी बरोबर."

"न मागता?"

"न मागता."

"माझ्या हातून नाही घेत जास्तीचं, आणि तिकडे मुकाट्याने घेतात," ती म्हणाली. पण तिचा आवाज नरमला होता. बाहेर आल्यावर तिने माझ्याकडे पाहिले नाही, रस्त्यापलीकडच्या चपलांच्या दुकानाकडे पाहत म्हणाली, "मी उगीच बोलले तुम्हाला."

अशा वाक्याची मी फार दिवस वाट पाहत होतो आणि त्याला द्यायचे भारदस्त उत्तरही मनात तयार होते. ते मला ऐन वेळी आठवले नाही. "चपला काढ खोक्यातून," एवढेच मी म्हणालो.

ती गेली. जाताना तिने एकच अट घातली: "आकडा काय यायचा तो येऊ दे. मला फक्त खरा सांगा."

मी एकटा राहिलो त्या पहिल्याच सकाळी हात धुऊन, कोरडे करून, सगळे नियम पाळून मी बोट टोचले. १५८.

मी त्या आकड्याकडे पाहिले. आदल्या संध्याकाळी उपायवाले त्यांचे नवे पथ्य सांगायला आले होते. जेवण लांबले आणि फिरायला जाणे राहिले. कारण उघड होते. परंतु कारण मला उघड होते, समुद्रकिनाऱ्यावर नव्हते. तिथे १५८ पोहोचले की दोघी सामान बांधणार, मेव्हणी 'मी म्हटलं नव्हतं?' म्हणणार, आणि जन्मात पहिल्यांदा मिळालेला आठवडा पहिल्याच सकाळी बुडणार. मी दुसऱ्या हाताचे बोट टोचले. १३९. यंत्राला एवढा फरक चालतो, नियमात चालतो. हा आकडाही खोटा नव्हता. कोणत्याही प्रयोगशाळेने तो स्वीकारला असता.

फोन वाजला. मागे लाटांचा आवाज येत होता.

"किती?" पत्नीने विचारले.

"एकशे अठ्ठावन्न."

लाटा आल्या आणि गेल्या. मागून मेव्हणी ओरडली, "किती आली गं? गाडीचं बघू का परतीच्या?"

"काल फिरलात का जेवल्यावर?" पत्नी म्हणाली.

"नाही. जेवणही उशिरा झालं. उपायवाले बसले होते."

"बरं. आज फिरा."

"हो. तू काळजी करू नकोस, मी दुपारी पुन्हा मोजून..."

"नाही करत," ती म्हणाली. मग तोंड बाजूला वळवून बहिणीला म्हणाली, "कसली गाडी? त्यांचं यकृत आहे, ते बघतील. चल लवकर, पाणी चढतंय." आणि फोन बंद झाला.

पुढचे दोन दिवस ती रोज, आणि नंतर एक दिवसाआड फोन करी. कधी कधी तर आकडा विचारायलाही विसरे. इतक्या पद्धतशीर प्रयत्नांती माझ्या प्रामाणिकपणावर तिचा पूर्ण विश्वास बसला होता, आणि त्यामुळे माझी काळजी करणारे घरात कोणीही उरले नव्हते. शास्त्रीय यशाचा एवढा अपमान मी यापूर्वी कधी सोसला नव्हता. अशाच एका रात्री जेवून मी चपला घातल्या आणि, सांगितल्याप्रमाणे, फिरायला निघालो.